जुन्या मोटारीचा छंद

छंद म्हटला कीं पोस्टाचीं तिकिटें, जुनीं नाणीं, फुलझाडें, फार तर पक्षिनिरीक्षण, येथवर आमच्या पालकवर्गाची मान संमतीनें हालते. परंतु एखाद्या मुलानें किंवा मुलीनें ‘मला जुनी मोटार दुरुस्त करावयास शिकावयाचें आहे’ असें म्हटलें, कीं ती मान एकदम थांबते. मग दोन आक्षेप निघतात. पहिला असा, कीं हा नाद राजेरजवाड्यांचा व धनिकांचा. आपणां मध्यम स्थितींतल्या माणसांस तो परवडावयाचा नाहीं. दुसरा असा, कीं हें काम गॅरेजांतल्या मिस्त्रीचें. शिकलेल्या घरांतल्या मुलांनीं हात कशाला काळे करावे? हे दोन्ही आक्षेप एकाच तोंडून, पुष्कळदां एकाच श्वासांत निघतात, याचें आम्हांस नेहमीं नवल वाटत आलें आहे. जें काम एकाच वेळीं आपल्याहून फार वरच्यांचें आणि आपल्याहून फार खालच्यांचें म्हणून नाकारलें जातें, त्याची खरी ओळख नाकारणारास झालेलीच नसावी, असा संशय घेण्यास जागा आहे. ती ओळख करून द्यावी, आणि ह्या छंदांत कशास किंमत आहे व कशास नाहीं याविषयीं आमचें मत स्पष्टपणें मांडावें, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

आरंभींच सांगतों, कीं मिरवणुकींत झळकणाऱ्या लांबलचक विलायती गाड्या आमच्या डोळ्यांपुढें नाहींत. आमच्या डोळ्यांपुढें आहे ती मुंबईनें घडविलेली साधी प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स ह्या कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यांत, इटलींतील फियाट कंपनीच्या परवान्यानें, तिचा जन्म झाला. १९६४ सालीं ती ‘फियाट ११०० डिलाइट’ ह्या नांवानें आली; १९७४ पासून तिला ‘पद्मिनी’ हें नांव मिळालें; तरी पुष्कळ घरांत आजोबांच्या तोंडीं ती अखेरपर्यंत ‘फियाट’च राहिली. चार सिलिंडर, १०८९ घन सेंटिमीटरांचें इंजिन, सुमारें चाळीस अश्वशक्ति, सुकाणूच्या खांबावर गिअरचा दांडा आणि चारी चाकांस ड्रमचे ब्रेक, एवढ्या भांडवलावर तिनें कित्येक कुटुंबांस घाट चढविले आणि लग्नें गांठून दिलीं. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तर ती दोन पिढ्यांच्या परिचयाची होती.

ह्या गाडीचें बॉनेट उघडून पाहा. आंत पुष्कळशी मोकळी जागा दिसते. पेट्रोल कोठून येतें, कोणत्या नळीनें जातें, विजेची तार कोठून निघून कोठें पोंचते, हें सर्व बोटानें दाखवितां येतें. आजच्या गाडीचें झांकण उचललें तर एक काळें आच्छादन दिसतें आणि त्याखालीं कारभार संगणकाच्या हातीं असतो. आजची गाडी वाईट, असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. ती अधिक सुरक्षित आहे, तिचा धूर पुष्कळच कमी विषारी आहे, आणि ती क्वचितच रुसते. पण शिकणारास ती मिटलेल्या पुस्तकासारखी आहे. जुनी गाडी उघडें पुस्तक आहे, आणि त्यांतील भाषा ही तुमच्या नववी-दहावीच्या पदार्थविज्ञानाचीच भाषा आहे.

आतां मुख्य मुद्द्याकडे येऊं. जुन्या मोटारीच्या छंदिष्टांचे दोन वर्ग आम्हांस दिसतात. एक वर्ग गाडीस चमकावणारांचा. क्रोमच्या पट्ट्या, नवा रंग, शिवून घेतलेल्या गाद्या, आणि वर्षांतून एकदां मिरवणूक. बंद पडली कीं दूरध्वनि करावयाचा आणि माणूस बोलावावयाचा. ह्या वर्गाविषयीं आमच्या मनांत राग नाहीं. त्यांच्यामुळें पुष्कळ गाड्या भंगारापासून वांचल्या. परंतु विद्यार्थ्यांस आम्ही ज्या छंदाची शिफारस करतों तो हा नव्हे. दुसरा वर्ग असा, कीं गाडी कां थांबली हें कळल्याखेरीज ज्यास झोंप येत नाहीं. ह्या छंदाचें सारें मोल ह्या ‘कां’ मध्यें आहे. सुटा भाग बदलणें हें पैशाचें काम आहे. दोष शोधणें हें बुद्धीचें काम आहे. आणि खेदाची गोष्ट अशी, कीं आपल्याकडे दुरुस्ती म्हणून जें चालतें त्यांतील बराच भाग पहिल्या प्रकारचा असतो. हा बदलून पाहूं, मग तो बदलून पाहूं. अखेरीस कशानें तरी गाडी चालते, आणि ती कशानें चालली हें कोणासच ठाऊक नसतें.

दोष शोधण्याची रीत फार जुनी व सोपी आहे. पेट्रोलच्या इंजिनास तीन गोष्टी लागतात: हवा व पेट्रोल यांचें योग्य मिश्रण, सिलिंडरांतील दाब, आणि योग्य क्षणीं पडणारी ठिणगी. गाडी चालत नाहीं याचा अर्थ ह्या तिहींपैकीं एक तरी गोष्ट नाहीं किंवा अवेळीं आहे. कोणती नाहीं, हें पाना उचलण्यापूर्वीं ठरवावयाचें. दाब सहसा एका दिवसांत जात नाहीं. तो वर्षानुवर्षें कमी होत जातो. म्हणून रस्त्यावर अकस्मात् थांबलेल्या गाडींत प्रश्न बहुधा पेट्रोल कीं ठिणगी एवढाच उरतो. एक प्लग काढून तारेस जोडला, त्याचें धातूचें अंग इंजिनाच्या धातूस टेकविलें आणि कोणाकडून तरी स्टार्टर फिरविला, कीं ठिणगी आहे वा नाहीं हें डोळ्यांस दिसतें. (हें काम वडील माणसाच्या देखरेखीखालींच, पेट्रोलच्या वाफेपासून दूर, व तार रबरी पकडीनें धरून करावयाचें, तेथील विजेचा दाब कित्येक हजार व्होल्टांचा असतो.) ठिणगी असेल तर विजेची अर्धी गाडी निर्दोष सुटली. नसेल तर पेट्रोलची अर्धी गाडी, निदान त्या वेळेपुरती, सुटली. राहिलेल्या अर्ध्याचे पुन्हां दोन भाग करावयाचे. अशा रीतीनें चार-पांच प्रश्नांत मनुष्य दोषाच्या दारांत येऊन उभा राहतो.

ठिणगीचीच वाट पाहा ना. बॅटरीचा दाब अवघा बारा व्होल्टांचा. कॉइलमध्यें एक जाड तारेचें व एक बारीक तारेचें अशीं दोन वेटोळीं असतात. डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंट मिटलेले असतांना जाड तारेंतून प्रवाह वाहतो व चुंबकक्षेत्र तयार होतें. पॉइंट उघडतांच तें क्षेत्र कोसळतें आणि बारीक तारेंत प्रचंड दाब उत्पन्न होतो. फॅरडेचा जो नियम तुम्हीं फळ्यावर पाहिला तो हाच. अमेरिकेंतील चार्ल्स केटरिंग यांनीं १९१० च्या सुमारास मोटारीसाठीं ही रचना सिद्ध केली, आणि पद्मिनीच्या इंजिनांत मूळ तत्त्व तेंच आहे. इंजिन मिनिटास ३००० फेरे करीत असतां चार सिलिंडरांस मिळून सेकंदास शंभर ठिणग्या लागतात. म्हणजे तें पॉइंटचें लहानसें जोडपें सेकंदांत शंभर वेळां मिटतें व उघडतें. त्यांमधील फट अर्ध्या मिलिमीटराहूनहि कमी ठेवावयाची असते. पोलादी पात्यांचें माप जवळ नसलें तर जुने ड्रायव्हर भेटपत्रिकेचा तुकडा घालून ती फट साधीत.

ह्याच ठिकाणीं कारण आणि लक्षण यांतील भेद उत्तम शिकावयास मिळतो. पॉइंट जळून काळे पडले, म्हणून नवे घातले. पंधरा दिवसांत तेहि जळले. आणखी नवे घातले. विक्रेत्यास दोष द्यावा, ‘पूर्वींसारखा माल मिळत नाहीं’ म्हणून उसासा टाकावा, हें सोपें. परंतु पॉइंट उघडतांना तेथें उडणारी ठिणगी गिळण्यासाठीं शेजारीं बोटाच्या पेराएवढा एक कंडेन्सर बसविलेला असतो; तो निकामी झाला असेल तर पॉइंट कितीहि नवे असोत, ते जळणारच. ताप उतरविण्याचें औषध देऊन जखम तशीच ठेवण्यासारखें हें आहे.

उदाहरणादाखल एक प्रसंग सविस्तर सांगतों, कारण त्यांत आमच्या म्हणण्याचें सार आलें आहे. आमच्या एका स्नेह्यांची पद्मिनी काहीं महिने मोठ्या विचित्र रीतीनें वागत असे. दहा-पंधरा किलोमीटर उत्तम चालावयाची. मग आचके देऊन थांबावयाची. थोडा वेळ उभी राहिली कीं पुन्हां चालू. एका गॅरेजांत त्यांनीं ती नेली. तेथें प्रथम पेट्रोलचा पंप बदलला. दोष राहिला. मग कार्बुरेटर उघडून साफ केला. दोष राहिला. मग ‘तापल्यावर कॉइल मरते’ असें सांगून कॉइल बदलली. ही शंका अगदींच निराधार नव्हती. तापल्यावर आंतील तार तुटक होणाऱ्या कॉइली असतात. परंतु गाडी थांबली त्या क्षणीं ठिणगी आहे कीं नाहीं, हें कोणीच पाहिलें नव्हतें. तीन बिलें झालीं, आणि गाडी पूर्ववत् थांबतच राहिली.

त्यांची कन्या तेव्हां दहावींत होती. गाडीच्या खणांत एक वही ठेवून तींत ती प्रत्येक प्रवासाची तारीख, किलोमीटर आणि भरलेलें पेट्रोल लिहीत असे. तिनें ती वही चाळली, आणि तिला एक गोष्ट दिसली: गाडी थांबे ती बहुधा टांकी भरून घेतल्यानंतर लवकरच. टांकी अर्धी असतां लांबचा प्रवासहि बिनतक्रार होई. घरांतील सर्वांनीं यावरून तत्काळ निष्कर्ष काढला, कीं अमुक पंपावरचें पेट्रोल भेसळीचें आहे. मुलगी मात्र तेथें थांबली नाहीं. तिनें विचारलें, पेट्रोल भेसळीचें असेल, तर तेंच पेट्रोल टांकींत अर्धें उरल्यावर चांगलें कसें होतें? आणखी एक गोष्ट तिच्या ध्यानांत आली. गाडी थांबली कीं वडील प्रत्येक वेळीं खालीं उतरून, टांकीचें झांकण काढून पेट्रोलचा वास घेऊन पाहत. त्यानंतरच गाडी चालू होई. जिरलेला वेळ, थंडावलेलें इंजिन, यांस श्रेय दिलें जाई. झांकणाकडे कोणाचेंच लक्ष गेलें नव्हतें.

पुढच्या खेपेस गाडी थांबतांच तिनें झांकणास कान लावून तें हळूच फिरविलें. ‘सूंऽऽ’ असा आवाज करीत हवा आंत शिरली, आणि इंजिन लगेच चालू झालें.

उलगडा असा. टांकींतून जेवढें पेट्रोल बाहेर जातें तेवढी हवा आंत यावयास हवी, म्हणून झांकणास एक सुईच्या टोंकाएवढें छिद्र असतें. मूळचें झांकण हरवल्यामुळें दुसऱ्या कोठल्याशा गाडीचें, छिद्र नसलेलें, झांकण बसविलें गेलें होतें. टांकी कांठोकांठ भरलेली असतां पेट्रोलवर हवा समजा दोनच लिटर आहे. एक लिटर पेट्रोल खर्च झालें कीं त्या हवेस तीन लिटरांची जागा व्यापावी लागते. बॉइलच्या नियमानें तिचा दाब स्थूलमानानें दोन-तृतीयांशावर येतो, आणि इंजिनावरील पंपास मागच्या टांकींतून पेट्रोल ओढवत नाहीं. उलट टांकी अर्धी असेल आणि आंत वीस लिटर हवा असेल, तर दाब तितकाच उतरण्यास दहा लिटर पेट्रोल जावें लागतें. तेवढ्यांत शंभराहून अधिक किलोमीटर होतात, आणि मध्यें केव्हां तरी झांकण उघडलेंच जातें. तेलाच्या डब्यास वाणी एक भोंक न पाडतां दोन पाडतो, त्याचें कारण हेंच. वाण्यास तें ठाऊक होतें. तीन बिलें देणाऱ्यांस व घेणाऱ्यांस त्या वेळीं आठवलें नाहीं, इतकेंच. झांकणास किती खर्च आला हें सांगण्याची गरज नाहीं.

ह्या मुलीस पाना धरतां येत होता कीं नाहीं, आम्हांस माहीत नाहीं. परंतु जुन्या मोटारीचा छंद म्हणून जी गोष्ट आम्हांस प्रिय आहे ती तिनें पुरी साधली होती. तिनें लिहून ठेवलें. सर्वांस पटलेल्या कारणास एक अडचणीचा प्रश्न विचारला. आणि एका वेळीं एकच गोष्ट बदलून पाहिली. हा शेवटचा नियम तर प्रत्येक गॅरेजाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावा असें आम्हांस वाटतें. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी सुधारली, तर तुम्ही कांहींच शिकलां नाहीं.

देखभालीविषयीं फार लिहीत नाहीं. ती पुस्तकांतून व जाणत्यांकडून कळते. तरी दोन गोष्टी लोकांच्या समजुतीच्या उलट आहेत, म्हणून सांगतों. पहिली ही, कीं जुनी गाडी चालण्यानें जितकी झिजते त्याहून अधिक ती उभी राहून बिघडते. ब्रेकचें तेल हवेंतील ओलावा शोषून घेतें व आंतील नळ्या गंजतात, रबरी वायसर कडक होतात, टायर एकाच जागीं दबतात, बॅटरी मरते. गाडीस आच्छादन घालून वर्षभर पूजेंतल्या मूर्तीसारखी ठेवणें ही तिची सेवा नव्हे. पंधरवड्यांतून एकदां इंजिन पुरतें तापेपर्यंत ती चालवावी, आणि ब्रेकचें तेल दर दोन वर्षांनीं बदलावें.

दुसरी गोष्ट पेट्रोलची. ही गाडी ज्या पेट्रोलासाठीं घडली तें आतां मिळत नाहीं. शिसें घातलेलें पेट्रोल आपल्या देशांत २००० सालीं बंद झालें, आणि तें बंद झालें हें मुलांच्या मेंदूच्या दृष्टीनें फार चांगलें झालें. त्यानंतर इथेनॉलचें मिश्रण वाढत गेलें. २०२५ सालीं तें शेंकडा वीस या प्रमाणावर पोंचलें. इथेनॉल पाणी ओढून घेतें. टांकींत वर्षानुवर्षें बसलेला चिकट थर सोडवून तो कार्बुरेटरच्या बारीक छिद्रांत नेऊन घालतें. आणि जुन्या जातीच्या रबरास तें मानवत नाहीं, त्यामुळें नळ्या व पंपाचा पडदा फुगतात किंवा भेगाळतात. भेगाळलेल्या नळींतून तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकणें म्हणजे काय, हें आम्हीं सांगावयास नको. म्हणून ज्यांच्या दारांत अशी गाडी आहे त्यांनीं रंगाचा विचार मागाहून करावा. प्रथम पेट्रोलच्या सर्व रबरी नळ्या इथेनॉलास टिकणाऱ्या जातीच्या घालून घ्याव्या. हा खर्च फार नाहीं. टांकींत जुनें पेट्रोल महिनेच्या महिने ठेवूं नये.

उन्हाळ्यांत घाट चढतांना गाडी थांबते तेव्हां सगळेच रेडिएटरकडे धांवतात. पाणी कमी असेल, पंख्याचा पट्टा सैल असेल, विहिरीच्या क्षारयुक्त पाण्यानें नळ्या बुजल्या असतील, हें सर्व खरें. आणि तापलेलें झांकण उघडणें धोक्याचें, हेंहि खरें. परंतु पुष्कळदां पाणी ठीक असतें आणि नळींतल्या पेट्रोलचीच वाफ झालेली असते. पंप द्रव ओढूं शकतो, वाफ त्याच्यानें ओढवत नाहीं. पंपावर व नळीवर ओलें फडकें घालून दहा मिनिटें थांबलें कीं काम भागतें. हा उपाय टॅक्सीवाल्यांनीं कोणत्याहि महाविद्यालयांत न जातां शोधला होता.

टॅक्सीवाल्यांचें नांव निघालें, म्हणून ज्या गोष्टीची आम्हांस खरी चिंता वाटते ती येथेंच सांगतों. मुंबईंत शेवटची पद्मिनी टॅक्सी म्हणून २९ ऑक्टोबर २००३ रोजीं नोंदली गेली. टॅक्सीस वीस वर्षांची मर्यादा असल्यानें ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ही गाडी शहराच्या रस्त्यांवरून टॅक्सी म्हणून निघून गेली. त्या दिवसांत हळहळ पुष्कळ झाली, छायाचित्रें पुष्कळ निघालीं. परंतु ह्या हजारों टॅक्सींच्या पोटावर दुसरी एक वस्ती उभी होती. आवाज ऐकून झडपेचें अंतर सांगणारे मिस्त्री, सुट्या भागांचे दुकानदार, डायनॅमो गुंडाळणारे, रेडिएटरास डाग देणारे, अशी ती वस्ती होती. टॅक्सी गेली, तेव्हां त्यांची रोजची विद्याहि बेकार झाली. त्यांपैकीं बहुतेकांनीं एक ओळहि लिहून ठेवलेली नाहीं. सुटे भाग अजून कुर्ल्यास व चोरबाजारांत सांपडतील. आणि न सांपडले तर लेथवर करवून घेतां येतील. पण कार्बुरेटरचा स्क्रू किती फिरवावा हें ज्याच्या मनगटास कळतें, तो मनुष्य एकदां गेला कीं पुन्हां करवून घेतां येत नाहीं. म्हणून जो विद्यार्थी सुटींत अशा एखाद्या वृद्ध मिस्त्रीजवळ आठ दिवस बसेल, त्यास ‘काका’ म्हणून मानानें विचारील आणि उत्तरें वहींत उतरवील, त्यानें आमच्या मतें मोटारच काय पण साधा पानाहि न विकत घेतां ह्या छंदांत उत्तम प्रवेश केला. आणि ज्या पालकांस मुलाचे हात काळे होण्याची धास्ती वाटते त्यांस एवढेंच सांगतों, कीं तो काळेपणा रॉकेल व साबण यांनीं जातो.

खर्चाचा आक्षेप आम्ही उडवून लावीत नाहीं. सर्व गाडीचा जीर्णोद्धार करणें, रंग व पत्रा यांसह, हें मध्यम घरास जड आहे. आणि कर्ज काढून तर तें कोणीं करूंच नये. परंतु ज्यांच्या अंगणांत आजोबांची गाडी आधींच उभी आहे त्यांनीं ती भंगारांत घालण्यापूर्वीं थांबावें. केंद्र सरकारनें २०२१ सालीं केलेल्या नियमांप्रमाणें पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षें झालेल्या व मूळ स्वरूपांत राखलेल्या गाड्यांस निराळी नोंदणी मिळते. क्रमांकांत ‘व्हीए’ हीं अक्षरें येतात. नोंदणी दहा वर्षें चालते आणि तिची फी वीस हजार रुपये आहे. अशी गाडी रोजच्या वापरास किंवा धंद्यास लावतां येत नाहीं. पद्मिनी नांवाच्या पहिल्या गाड्यांची पन्नाशी उलटलीच आहे. हा निर्बंध आम्हांस योग्य वाटतो. जुन्या इंजिनाचा धूर गाळणारें कोणतेंहि साधन त्यांत नाहीं. मुलांस शाळेंत सोडावयास रोज पद्मिनी काढणें आणि तीस वारसा म्हणणें आम्हांस पटत नाहीं. रविवारीं सकाळीं वीस किलोमीटर फिरवून आणणें ही गोष्ट निराळी.

आतां धोक्यांविषयीं, आणि येथें आम्ही आर्जव करीत नसून बजावून सांगत आहों. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कोणींहि, कधींहि, एक क्षणहि जाऊं नये. भक्कम लोखंडी घोडे लावावे व चाकांस अटकण घालावी. बंद खोलींत इंजिन चालूं ठेवूं नये; कार्बन मोनॉक्साइड ह्या वायूस वास नाहीं व तो झोंपेंतच मनुष्यास नेतो. बॅटरीजवळ ज्योत नेऊं नये. जुन्या ब्रेकच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असूं शकतें; ड्रममधील धूळ फुंकून किंवा हवेच्या झोतानें उडवूं नये, ओल्या फडक्यानें टिपून तें फडकें पिशवींत बांधून टाकावें. आणि परवाना मिळण्याच्या वयापूर्वीं अंगणाबाहेर गाडी नेणें हा छंद नसून गुन्हा आहे. हे नियम ज्या मुलास कंटाळवाणे वाटतील त्यानें पोस्टाचीं तिकिटें जमवावीं. तोहि छंद चांगला आहे.

दिवाळीच्या सुटींनंतरच्या दुसऱ्या शनिवारीं दुपारीं आमच्या गाडीचे मागले ब्रेक उघडावयाचे आहेत; डावीकडचें चाक थांबतांना ओढतें, आणि तें ब्रेकच्या तेलाच्या गळतीनें कीं स्प्रिंगच्या ढिलाईनें, हें अद्याप ठरावयाचें आहे. इयत्ता आठवीच्या पुढील सहा विद्यार्थी व विद्यार्थिनी यांस पाहावयास येतां येईल. पालकांची चिठ्ठी आणावी. जुने कपडे व बंद बूट घालून यावें. चपला चालणार नाहींत. येतांना प्रत्येकानें आपला तर्क कारणांसह कागदावर लिहून, घडी करून आणावा. ड्रम उघडण्यापूर्वीं ते कागद आम्ही गोळा करूं.